‘जमेल तसं’ सहा आठवड्यांत जमत नाही

ताई, नमस्कार. माझं माहेर इचलकरंजीचं. शिवाजी विद्यापीठातून मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी केलं, लग्न होऊन न्यू जर्सीत आले त्याला अकरा वर्षं झाली. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ५ वर्षांचा. गेल्या वर्षी ग्रीन कार्ड हातात आलं आणि ठरवलं, आता नर्सिंग करायचंच. सध्या एका फार्मसीत टेक्निशियन आहे: सोमवार, मंगळवार, गुरुवार दुपारी १ ते ७ आणि शनिवारी १० तास, तासाला १९ डॉलर. नर्सिंगच्या प्रवेशाआधी ॲनाटॉमी अँड फिजिऑलॉजी, म्हणजे शरीररचना आणि शरीरक्रिया, या विषयाचे दोन्ही भाग व्हावे लागतात. आमच्या कम्युनिटी कॉलेजात पहिला भाग मेअखेर ते जुलैचा पहिला आठवडा आणि दुसरा लगेच जुलै ते ऑगस्ट, असे सहा-सहा आठवड्यांत होतात. वर्ग सोमवार ते गुरुवार, सकाळी साडेआठ ते सव्वाबारा. दोन्ही उन्हाळ्यातच उरकले तर वर्ष वाचेल असं वाटतं. पण १२ जूनला सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येतायत, तिकिटं झाली आहेत. सासरे निवृत्त गणित शिक्षक. सासूबाई फोनवर म्हणाल्या, ‘आम्ही येतोय आणि तू सुट्टीत कॉलेज काढलंस होय?’ नवरा आयटीत आहे, आठवड्यातले दोन दिवस घरून काम करतो. त्याला विचारलं तर म्हणतो, ‘बघ, जमेल तसं कर.’ हे हो आहे की नाही तेच कळत नाही. मला जमेल का, ताई? मला ‘तू’च म्हणा.
— एक वाचक, मिडलसेक्स काउंटी, न्यू जर्सी

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र वाचताना मी एका वाक्यापाशी थांबले. ‘बघ, जमेल तसं कर.’ आपल्या घरांत हे वाक्य रोज बोललं जातं आणि बहुतेक वेळा मायेनंच बोललं जातं. चकल्या जमतील तशा कर, नाहीतर विकत आणू. हळदीकुंकवाला जमेल तसं ये. जे काम थोडं मागेपुढे झालं तरी बिघडत नाही, त्याला हे वाक्य शोभतं. १५ आठवड्यांच्या सेमिस्टरलाही ते थोडंफार चालून जातं. एक आठवडा मुलाच्या तापात गेला तर पुढच्या दोन आठवड्यांत भरून काढता येतो. सहा आठवड्यांच्या कोर्समध्ये त्या पुढच्या दोन आठवड्यांत आणखी पाच धडे आधीच ठासून भरलेले असतात.

म्हणून उत्तर देण्याआधी मला तुझा प्रश्नच थोडा बदलायचा आहे. ‘मला जमेल का’ यात तू स्वतःच्या कुवतीवर शंका घेते आहेस आणि ती शंका मला मुळीच नाही. प्रश्न तासांचा आहे. हे तास कुठून येणार, आणि कोणाच्या वाट्याचे येणार?

आधी तास मोजू. कोर्स किती मोठा हे इथे क्रेडिटमध्ये मोजतात, आणि अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमात एका क्रेडिटचा हिशेब घालून दिलेला आहे: आठवड्याला एक तास वर्गात आणि किमान दोन तास वर्गाबाहेरचा अभ्यास, साधारण १५ आठवडे. तुझा कोर्स लॅब धरून चार क्रेडिटचा असणार, म्हणजे १८० तासांचं काम. नेहमीच्या सेमिस्टरमध्ये ते आठवड्याला १२ तास पडतं. सहा आठवड्यांत बसवलं की आठवड्याला ३० तास. त्यातले १५ तास कॉलेजात जातील, हे तुझ्या वेळापत्रकावरूनच दिसतं. उरलेले १५ तुला घरी काढायचे आहेत. समर कोर्समध्ये अभ्यास कमी असतो असं कोणी सांगितलं असेल तर ते विसर. पुस्तक तेच, धडे तेवढेच, परीक्षा तीच. फक्त दिवस कमी.

आता तुझा मंगळवार घे. सकाळी आठला घर सोडलंस. सव्वाबारापर्यंत कॉलेज, डबा गाडीतच, एक ते सात फार्मसी, साडेसातला घरी. जेवणं, मुलाची आंघोळ, मुलीचा गृहपाठ (शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालूच असते), दोघं झोपेपर्यंत साडेनऊ. ओटा आवरून तू पुस्तक उघडशील तेव्हा पावणेदहा. दोन तास बसलीस की पावणेबारा, आणि सकाळी सहाला गजर. सोमवार आणि गुरुवारही असेच. तीन रात्री मिळून सहा तास झाले. राहिले नऊ. ते बुधवारच्या दुपारचे पाच आणि शुक्रवारच्या सकाळचे चार असे निघतात. रविवार घराला राहतो.

म्हणजे एक कोर्स होऊ शकतो. अगदी काठावर, पण होऊ शकतो. फक्त तो सगळा बुधवारची दुपार आणि शुक्रवारची सकाळ या दोन खुंट्यांना टांगलेला आहे. आणि नेमक्या याच दोन वेळा अशा आहेत, की घरातल्यांना वाटणार, आज काय, ही घरीच आहे. किराणा, मुलाच्या दाताची अपॉइंटमेंट, सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या, ‘जरा मॉलमध्ये सोडतेस का’, सगळं तिथेच येऊन पडणार. कोणी मुद्दाम करणार नाही. तू हो म्हणत जाशील आणि दर होकाराबरोबर एक धडा मागे पडेल.

तेव्हा माझं स्पष्ट मत: पहिला भाग या उन्हाळ्यात घे. दुसरा घेऊ नकोस, तो सप्टेंबर ते डिसेंबर १५ आठवड्यांत कर. तुझ्या पत्रात सगळ्या तारखा आहेत, पण नर्सिंगच्या अर्जाची शेवटची तारीख नाही. ती आधी शोध. तुझ्या प्रोग्रॅमचा अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत भरायचा असेल, तर दुसरा भाग ऑगस्टमध्ये संपला काय आणि डिसेंबरमध्ये संपला काय, प्रवेश त्याच खेपेला मिळणार. मग जे वर्ष वाचवण्यासाठी तू जिवाचं रान करायला निघालीस ते मुळात वाया जातच नव्हतं. हे ॲडव्हायझरला जाऊन विचार आणि ईमेलवर लेखी उत्तर घे. तारीख खरंच आड येत असेल तर मला परत लिही, मग वेगळा विचार करू. पण एक लक्षात ठेव. नर्सिंगच्या जागा बहुतेक ठिकाणी स्पर्धेतून मिळतात आणि विज्ञानाच्या विषयांतल्या ग्रेड तिथे बघितल्या जातात. घाईत मिळवलेले दोन ‘सी’ तुला प्रवेशाच्या यादीत वर नेणार नाहीत.

ऑनलाइन सेक्शन घेऊन प्रश्न सुटेल असंही मनात येईल. त्यात प्रवास वाचतो, अभ्यासाचे तास तेवढेच राहतात, आणि काही नर्सिंग प्रोग्रॅम ऑनलाइन केलेली लॅब धरत नाहीत. हेही त्याच ईमेलमध्ये विचार.

आता घर. नवऱ्यावर रागावू नकोस. त्यानं मोघम उत्तर दिलं, कारण तू प्रश्नही मोघम विचारलास. ‘मी कोर्स घेऊ का’ याला ‘जमेल तसं’ हे उत्तर येऊ शकतं. ‘बुधवारी दुपारी एक ते सहा मुलं कोणाकडे?’ याला ते येऊच शकत नाही. तिथे एक नाव सांगावं लागतं. तर त्याच्यासमोर कॅलेंडर घेऊन बस आणि असे प्रश्न विचार, ज्यांचं उत्तर एखादं नाव किंवा एखादी वेळ असेल. घरून काम करण्याचे दोन दिवस बुधवार आणि आणखी एक असे करता येतील का? सोमवार, मंगळवार, गुरुवार संध्याकाळचा स्वयंपाक कोण करणार? ‘मी मदत करेन’ असं तो म्हणाला तर तिथेच थांबव. मदत म्हणजे काम तुझंच, तो हात लावणार. सहा आठवडे तीन संध्याकाळी ते काम त्याचं असायला हवं. काय शिजवायचं, भाजी घरात आहे का, डब्यात काय द्यायचं, हा विचारसुद्धा त्याचाच. दर गुरुवारी खिचडी झाली तर मुलं खिचडी खातील. तू मधे बोलू नकोस.

सासू-सासऱ्यांचं मात्र मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण माझ्याकडे उन्हाळ्यात येणाऱ्या पत्रांत हाच विषय सगळ्यात जास्त असतो आणि त्यात दोन्हीकडची माणसं दुखावलेली असतात.

सासूबाईंचं ते वाक्य तुला टोचलं, साहजिक आहे. पण त्यांच्या बाजूनं बघ. या वयात त्या पंधरा-सोळा तासांचा विमानप्रवास करून येणार. इथे त्यांना गाडी चालवता येत नाही, शेजारी कोणाला हाक मारता येत नाही, दुपारी दोन वाजता सगळ्या गल्लीत माणूस दिसत नाही. त्यांच्या मनात सून घरी असेल, नातवंडांना सुट्टी असेल, असं एक चित्र आहे. कॉलेजचं ऐकून त्यांना आधी भीती वाटली असणार: आम्ही दिवसभर त्या बंद घरात काय करायचं? तो प्रश्न त्यांनी तसा विचारला नाही, टोमण्यासारखा विचारला. तू मात्र त्या भीतीचं उत्तर दे.

आणि ते उत्तर नवऱ्यामार्फत पाठवू नकोस. रविवारी सकाळी नऊला स्वतः फोन कर, तिकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात, दोघं निवांत असतात. सांग, की आई, मी नर्स व्हायचं ठरवलं आहे, पहिली पायरी या सहा आठवड्यांत आहे, जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती संपेल आणि त्यानंतर ऑगस्टअखेरपर्यंत मला कॉलेज नाही. नायगाराची तारीख याच फोनमध्ये ठरवून टाक. जुलैच्या मध्यावर, हॉटेल आत्ताच घेऊन. तुमच्याकडून गाडीनं सहा-सात तास लागतात, मधे एक मुक्काम केलात तर त्यांनाही सोसेल. हा फोन दुसरा भाग सोडण्याचं आणखी एक कारण आहे बरं. दोन्ही कोर्स घेतलेस तर तुला त्यांना एकही तारीख खरी सांगता येणार नाही.

१२ जून म्हणजे तुझ्या कोर्सचा तिसरा आठवडा. आल्यावर पहिला आठवडा त्यांच्याकडून कसलीही अपेक्षा ठेवू नकोस. साडेनऊ तासांचा फरक आहे, रात्री दोनला उठून ते चहा करतील आणि दुपारी चारला डुलक्या घेतील. विमानतळावर नवऱ्यानं जायचं. पहिल्या आठवड्याचं वरण, पोळ्या, दोन-तीन भाज्या आधीच्या रविवारी करून किंवा पोळ्यांची ऑर्डर देऊन फ्रीझरमध्ये ठेव. आपल्या भागात पोळीभाजी करून देणाऱ्या बायका आहेत, त्यांना सहा आठवड्यांचं एकदम सांगून ठेव. यात कमीपणा वाटून घेऊ नकोस.

दुसऱ्या आठवड्यापासून मात्र त्यांना कामं दे. ठरलेली, त्यांना जमणारी, त्यांची म्हणून दिलेली. मुलांचा सगळा दिवस त्यांच्यावर टाकू नकोस. पाच वर्षांचा मुलगा सकाळी आठ ते संध्याकाळी सात सांभाळणं हे त्या वयाचं काम नाही आणि सहाव्या दिवशी घरात कुरबुर सुरू होईल. शाळा सुटली की दोघांना टाउनशिपच्या किंवा वाय-एम-सी-एच्या डे कॅम्पला घाल, दुपारी तीनपर्यंत. तीन ते सहा आजी-आजोबा. तुम्ही दोघंही नोकरी करता, त्यामुळे १३ वर्षांखालच्या मुलांच्या डे कॅम्पचा खर्च डिपेंडंट केअरच्या कर-सवलतीत धरता येतो. मुक्कामाच्या कॅम्पचा धरता येत नाही. पावत्या जपून ठेव.

आणि सासऱ्यांना मी एक खास काम सुचवते. ते गणित शिक्षक होते म्हणतेस. त्यांना परवचा घ्यायला सांग. आपल्या लहानपणी दिवेलागणीला पाढे म्हणायला बसवायचे, आठवतं? आज बारापर्यंत, उद्या पुन्हा पहिल्यापासून. त्याचं महत्त्व तेव्हा कळलं नाही. हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ साली स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले, त्यातून विसरण्याचा वेग किती असतो आणि अंतरा-अंतरानं उजळणी केली की तो कसा मंदावतो हे दिसलं. आपल्या घरात ते उंबऱ्यावर बसून चालायचं. तुझी कार्डं सासऱ्यांच्या हातात दे. पुढे चित्र, मागे नाव आणि स्पेलिंग. त्यांना इंग्रजी उच्चार आले नाहीत तरी बिघडत नाही, तू स्पेलिंग म्हणायचंस आणि त्यांनी कार्डावर बघून चूक की बरोबर सांगायचं. अर्धा तास, जेवणाआधी, तुझा स्वयंपाक नसेल तेव्हा. मुलगी आपोआप येऊन बसेल. सहा महिने पाहुणे म्हणून बसून राहण्यापेक्षा सुनेचा अभ्यास घेतोय हे त्यांना गावी सांगायलाही आवडेल, हे मी एका घरात डोळ्यांनी पाहिलं आहे.

स्पेलिंगवर एवढा जोर का देते ते सांगते. मी गेली बारा वर्षं एका कम्युनिटी कॉलेजच्या ट्यूटरिंग सेंटरमध्ये याच विषयाची मुलं बघते आहे. वर्गातल्या परीक्षेत चार पर्यायांतून एक निवडायचा असतो, तिथे ओळखीवर निभावतं. लॅब प्रॅक्टिकलमध्ये निभावत नाही. टेबलांवर हाडं आणि मॉडेलं मांडलेली असतात, प्रत्येकावर छोटा बाण चिकटवलेला. घंटा झाली की एक मिनिट. बाण कशावर आहे ते आठवून लिहायचं, हाड उजवं की डावं तेही लिहायचं, घंटा झाली की पुढच्या टेबलाशी. मागे वळता येत नाही. स्कॅप्युला, म्हणजे आपलं खांद्याचं पातं, नुसतं ओळखणं सोपं आहे. ते एकटं टेबलावर पालथं ठेवलेलं असताना उजव्या खांद्याचं की डाव्या, हे सांगायला ते हातात घेऊन शंभरदा फिरवलेलं असावं लागतं. म्हणून ओपन लॅबच्या, म्हणजे वर्गाबाहेर आपापला सराव करायला लॅब उघडी असते त्या, वेळा पहिल्याच दिवशी लिहून घे. शुक्रवारी सकाळी लॅब उघडी असेल तर त्या चार तासांपैकी दोन तिथेच घालव. फोटो बघून हाडं पाठ होत नाहीत, हात लावून होतात. शरीरात २०६ हाडं आहेत, पण डावी-उजवी जोडी सोडली तर वेगळी नावं पुष्कळच कमी उरतात. घाबरायचं त्या हाडांवरच्या खाचा, उंचवटे आणि भोकांच्या नावांना.

तुझं बीएस्सी इथे कामाला येईल, पण सगळीकडे नाही. पेशी, ऑस्मॉसिस, सूक्ष्मदर्शक हे तुला येतं, त्यामुळे पहिले आठ-दहा दिवस सोपे जातील आणि तिथेच धोका आहे. पहिल्या आठवड्यात हात सैल सोडलास तर हाडं, स्नायू आणि मग मज्जासंस्था एकामागून एक अंगावर येतात. ऊती तर तू शाळेत मराठीत शिकली आहेस: अभिस्तर, संयोजी, स्नायू, चेता. इथेही चारच आहेत, नावं इंग्रजी. ती सांगड मनात घालून ठेव, एका विद्यार्थिनीला मी हे आठवून दिलं तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. कोर्स मेअखेरच्या मेमोरियल डेच्या सुट्टीनंतर सुरू होईल. त्याआधीच्या तीन आठवड्यांत रोज वीस मिनिटं शब्दांची मुळं कर. ऑस्टिओ म्हणजे हाड, कॉन्ड्रो म्हणजे कूर्चा, मायो म्हणजे स्नायू. अशी शंभर मुळं आली की पुस्तकाची भाषा निम्मी ओळखीची होते. लायब्ररीतून आधीची आवृत्ती आणून वाचलीस तरी चालेल.

नोकरीचं थोडक्यात. आठवड्याची एक पाळी सोड. मंगळवारची सोडलीस तर सहा आठवड्यांत ३६ तास, म्हणजे कर कापण्याआधी ६८४ डॉलर कमी मिळतील. आकडा टोचेल. पण कोर्स पुन्हा करावा लागला तर फी, लॅब फी आणि एक सेमिस्टर, तिन्ही पुन्हा. मॅनेजरशी बोलायला मे संपायची वाट बघू नकोस, उन्हाळ्यात सगळ्यांनाच सुट्ट्या हव्या असतात. ‘मला कमी तास द्या’ असं न म्हणता ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत मंगळवार नको, त्यानंतर पूर्ववत’ असं सांग, शेवटची तारीख दिसली की माणूस लवकर हो म्हणतो. एचआरला शिक्षणाच्या खर्चाबद्दलही विचार. नोकरी देणाऱ्यानं दिलेली अशी मदत वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत करमुक्त असते आणि ती अर्धवेळ नोकरांना देतात का, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. तिथे नाही मिळाली तर लाइफटाइम लर्निंग क्रेडिट बघ. फीच्या २० टक्के करात सवलत मिळते. मात्र नवरा-बायकोचं मिळून उत्पन्न १,६०,००० डॉलरच्या पुढे गेलं की ती कमी होत जाते आणि १,८०,०००ला संपते.

शेवटची गोष्ट मला स्वतःच्या अनुभवातून सांगायची आहे. २००३ साली मी पाच आठवड्यांचा स्टॅटिस्टिक्सचा समर कोर्स घेतला. घरी फार बोलले नाही, उरकून टाकू असं मनात. दुसऱ्या आठवड्यात मुलाचा कान दुखायला लागला, ताप १०३. मी दोन दिवस गेले नाही. नेहमीच्या सेमिस्टरमध्ये दोन दिवस म्हणजे दोन दिवस. तिथे ते जवळजवळ दीड आठवड्याचं शिकवणं होतं. परत गेले तेव्हा फळ्यावर काय चाललं आहे ते मला कळेना. मी प्रोफेसरांना भेटले नाही, कारण काय सांगायचं हे सुचेना. कोर्स सोडण्याची तारीख आली तेव्हा मला ती माहीत होती. त्या दिवशी मी कॉलेजच्या पार्किंगमध्ये अर्धा तास गाडीत बसून राहिले आणि मग तशीच वर्गात गेले. सोडला तर हरले असं होईल, असं वाटलं. ‘डी’ मिळाला. तो अजून माझ्या ट्रान्सक्रिप्टवर आहे, आणि पुढे प्रत्येक अर्जात मला त्याचं कारण लिहावं लागलं. त्या अर्ध्या तासाचं मला अजून वाईट वाटतं. घरी एका माणसाला जरी खरं सांगितलं असतं तरी मी सही करून बाहेर पडले असते.

म्हणून तू सिलॅबस हातात पडताच दोन तारखा शोध. एक, फी परत मिळण्याची मुदत. समर सेशनमध्ये ती फार थोड्या दिवसांची असते, डोळा लागला की गेली. दुसरी, ‘डब्ल्यू’ (विथड्रॉन, म्हणजे कोर्स मधेच सोडल्याची नोंद) घेऊन कोर्स सोडण्याची. ‘डब्ल्यू’ जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, मोजला जात नाही, ‘डी’ आणि ‘एफ’ मोजले जातात. काही नर्सिंग प्रोग्रॅम एखादा विज्ञान विषय किती वेळा परत करता येईल यावरही मर्यादा घालतात, तेही ॲडव्हायझरला विचार. मग आत्ताच, डोकं शांत असताना, नवऱ्याबरोबर ठरव: त्या तारखेला पहिल्या प्रॅक्टिकलचे आणि परीक्षेचे मार्क अमुकच्या खाली असतील तर मी सोडणार. तो आकडा कागदावर लिही. तो तू त्या दिवशी ठरवायचा नाही, त्या दिवशी तू थकलेली असशील. आजारपण आलं तर त्याच संध्याकाळी प्रोफेसरना दोन ओळींची ईमेल टाक, दुसऱ्या दिवशीची वाट बघू नकोस. चुकलेली लॅब दुसऱ्या सेक्शनबरोबर करू देतात का, हे पहिल्या आठवड्यातच विचारून ठेव.

कोर्स सोडण्याची ती तारीख मलाही कळव. तिच्या आदल्या रविवारी तुझे मार्क काय आहेत ते लिही, चांगले असोत की वाईट. मी त्या दिवशी पत्राची वाट बघेन आणि त्याच रात्री उत्तर देईन.

तुझी,
ताई